दोन केस मागे

गाडी थांबून मिनिटभर झालं असेल. काचेपलीकडे चढ तसाच उभा होता, अर्धा चढून झालेला आणि अर्धा उरलेला; टोकाला पाण्याची गोल टाकी, तिच्यावर सकाळचं कोवळेपण संपून पांढरं पडत चाललेलं ऊन. बॉनेटच्या फटींतून तापलेल्या तेलाचा वास आत येत होता. डॉक्टरीणबाईंचे दोन्ही हात अजून स्टिअरिंगवर होते. एरवी ते हात लोकांच्या दाढांमध्ये वावरत. आणि ही बदामी रंगाची, गोल पाठीची गाडी, त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी, वडिलांमागे त्यांच्या वाट्याला आलेली. शेजारच्या सीटवर तो बसला होता: जुन्या गाड्यांचा मिस्त्री, वय सत्तावन्न, धंद्यातलं टोपणनाव कानसेन. इंजिन नुसतं ऐकून दुखणं सांगतो म्हणून पडलेलं. मिनिटापूर्वी, पेडल तळाला टेकलेलं असताना, बाई ओरडल्या होत्या, "हा! हाच तो आवाज. आला ना?" आणि कानसेनला काहीही ऐकू आलं नव्हतं.

तो क्षण त्याने पुन्हा डोक्यात फिरवून पाहिला, खिसा उलटा करून पाहावा तसा. रस्त्यावर घासणाऱ्या टायरांचा आवाज होता, धुराड्याची जाड गुरगुर होती, व्हॉल्वांची टकटक होती, मागच्या दाराची जुनी कुरकुरही होती. सगळं जिथल्या तिथे. त्या सगळ्याच्या वर मात्र काही नव्हतं. घरात छपराकडे मान वर करावी आणि थेट आभाळच दिसावं तसं. अखेर त्यानेच विचारलं, "कसा आवाज?"

"कसा म्हणजे? बाटलीत कोणी खडे हलवावेत तसा. बारीक, टिणटिण. माझ्या ड्रिलच्या जातीचा. आवाज सुरू झाला की गाडी जीव टाकते, आणि मग काटा लालाकडे निघतो."

"कधीपासून येतो?"

बाईंनी हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले. "रागावू नका, मिस्त्री. तुमच्याकडे पहिल्यांदा गाडी आणली ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

तो रागावला नाही. रागाची जी जागा असते तिथे काहीतरी टुणकन उडी मारून बसलं, आणि ते काय आहे हे ओळखायला त्याला एक क्षण लागला. ती शिकारीची चटक होती. गेले तीन आठवडे हे दुखणं त्याला हुलकावणी देत होतं: सपाटीवर गाडी लोण्यासारखी पळे, चढाला लागली की धापा टाके, तापे. तीनदा ती आली होती आणि तीनदा त्याने तिला बरी म्हणून पाठवलं होतं. पहिल्या खेपेला नुसती देखभाल. दुसऱ्या खेपेला त्याने कार्ब्युरेटर उघडून त्याची बारीक छिद्रं तोंडाने फुंकून साफ केली होती. तिसऱ्या खेपेला पेट्रोलचा पंप, टाकीचं झाकण, सगळं. निष्पन्न काही नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि दर खेपेला शेवटी, याच चढावर आणून, त्याने ठिणगीची वेळ कानाने लावली होती. ठिणगी थोडी आधी पडली की इंजिन चपळ होतं, फारच आधी पडली की पेट्रोल वेळेपूर्वी भडकतं आणि वर येऊ पाहणाऱ्या पिस्टनच्या डोक्यावर घाव बसतो. त्या घावाच्या आवाजाला, त्याला काम शिकवणारे वस्ताद 'खडे वाजणं' म्हणत. वस्तादांनी शिकवलेली रीत एका ओळीची होती: चढावर खडे वाजेपर्यंत पुढे ने, मग दोन केस मागे. त्याने दर खेपेला पुढे नेलं होतं. खडे वाजायची वाट पाहत, थोडं पुढे, आणखी थोडं पुढे. वाजले नाहीत म्हणून मनातल्या मनात इंजिनाचं कौतुक करत, की काय गुणी बाई आहे, एवढं आधी देऊनही हूं की चूं नाही.

"किती कलकलाट मांडलाय या पाखरांनी," बाई म्हणाल्या. बोलण्याला फाटा फोडण्यासाठीच म्हणाल्या असाव्यात.

त्याने पाहिलं. रस्त्याच्या कडेला काटेरी झुडूप होतं आणि त्यात मुठीएवढी दहा-बारा पाखरं बसली होती. त्यांच्या चोची उघडत होत्या, मिटत होत्या. गळ्याखालची पिसं थरथरत होती. एका पाखराने तर मान मागे टाकून अंगातला सगळा जीव त्या चोचीत आणला होता. तो पाहत राहिला. काचेमागचं असावं तसं ते झुडूप संपूर्ण निःशब्द होतं. गेली तीन वर्षं तो येईल त्याला सांगत होता की शहरातली पाखरं संपली. धूर, तारा, औषधफवारणी, कारणंही तयार होती. एकदा तर चहाच्या टपरीवर त्यावर अर्धा तास बोलला होता आणि लोकांनी माना डोलावल्या होत्या. त्यांना ती ऐकू येत असतानाही कशा डोलावल्या असतील कोण जाणे. भिडेखातर असेल. नाहीतर माणसं ऐकतच नसतील, निव्वळ ऐकू येत असेल त्यांना.

दार उघडून तो उतरला. पायांत एक विलक्षण हलकेपण आलं होतं. "बॉनेट उघडा," तो म्हणाला, आणि आपला आवाज चढलेला आहे हे त्याला स्वतःलाच जाणवलं.

इंजिन गरम होतं. फडकं गुंडाळून त्याने पहिल्या सिलिंडरचा प्लग काढला, उन्हाकडे धरला आणि जुना चष्मा कपाळावरून नाकावर ओढला. ठिणगी जिथे पडते तिथल्या पांढऱ्या चिनीमातीवर मिरपूड सांडावी तसे काळे ठिपके होते, आणि त्या ठिपक्यांमध्ये, नीट पाहिलं तर, चंदेरी कण. बारीक, जवळजवळ सुंदर. तो पिस्टनचा अंश होता. इंजिन आतून स्वतःला कणाकणाने खात होतं आणि हा पुरावा चिनीमातीवर ठेवत होतं, तीन आठवडे, कोणी वाचेल या आशेने. दुसरा प्लग: तेच. तिसरा, चौथा.  भीती होतीच. पण भीतीच्या आधी, तिला कोपराने बाजूला सारून, ती जुनी बेशरम खुशी पुढे आली होती, सापडल्याची खुशी. प्रेतयात्रेत हसू फुटावं तशी त्याला ती लपवावीशी वाटली.

"काही दिसलं?" बाई शेजारी येऊन वाकल्या.

"तुमचा आवाज दिसला," तो म्हणाला.

"ठणका एका दाढेत आणि कीड भलत्याच दाढेत, असं आमच्याकडे रोज होतं. रोगी शपथेवर सांगतो, डॉक्टर, हीच. आणि ती धडधाकट असते."

"मग तुम्ही काय करता?"

"रोग्याचं ऐकते. पण विश्वास ठोकून बघण्यावर."

ठोकून बघण्यावर. त्याने हत्यारांच्या पेटीतून लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, लाकडी मुठीचा, वस्तादांचा. इंजिनाच्या अंगाला टोक लावून मूठ कानाशी धरली की आतला सगळा संसार ऐकू येतो. प्लग परत बसवून त्याने बाईंना गाडी चालू करायला सांगितली, आणि हात वर केला की एकदम पेडल मारायचं असं समजावलं. टोक लोखंडावर टेकवलं, मूठ कानाच्या हाडाशी दाबली, हात वर केला. गुरगुर उसळली आणि बसली. बाईंनी खिडकीतून बोट दाखवलं: आला, आत्ता आला. पुन्हा हात. पुन्हा तेच बोट. मग त्याला सुचलं ते त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं. त्याने मूठ दातांत धरली. लाकडाला जुन्या ग्रीसची आणि घामाची चव होती, कदाचित वस्तादांच्याही घामाची. हात वर केला. जबड्यातून, गालफडातून, कवटीच्या तळातून इंजिन त्याच्यात चढलं. प्रत्येक व्हॉल्व त्याच्या दाढेवर पाय देऊन गेला. इतकं जवळून त्याने कुठलंही इंजिन कधी ऐकलं नव्हतं, तो स्वतःच ते इंजिन होता. आणि वर, जिथे खडे वाजायला हवे होते, तिथे तेच स्वच्छ, मोकळं आभाळ.

बाई खिडकीतून डोकं काढून एकटक पाहत होत्या. "दातातून आलं?"

"आलं," तो म्हणाला.

त्यांनी डोकं आत घेतलं. दात आणि हाड यांच्यातलं दळणवळण हा त्यांचा रोजचा व्यवसाय आहे हे त्याला उशिरा आठवलं.

खोटं बोलल्यावर माणसाला उजळणी करावीशी वाटते. वाकून तो प्लगांच्या वायरी उगाच सारख्या करत राहिला आणि मनात मात्र वस्तादांच्या कारखान्यासमोरचा चढ उभा राहिला. तो तेव्हा बावीस वर्षांचा. गाडी ठीक झाली की वस्ताद चालवायला बसत, त्याला शेजारी घेत, चढावर पेडल दाबत आणि, नजर खिडकीबाहेर लावून, अगदी सहज विचारत, "सांग लेका, वाजतंय?" तो कान टवकारून सांगे: वाजतंय वस्ताद. उतरून, थोडं मागे घेऊन, पुन्हा चढ. "आता?" आता नाही. "नक्की?" नक्की. त्यावर वस्ताद हुंकार देत, परीक्षकाने पेपरवर गुण टाकावेत तसा. केवढा अभिमान होता त्याला त्या हुंकाराचा! सात वर्षं रोज परीक्षा दिली आणि एकदाही नापास झालो नाही, असं तो बायकोला लग्नानंतर कित्येकदा सांगत आला होता.

नजर खिडकीबाहेर का असे?

प्लगाची वायर त्याच्या बोटांत तशीच राहिली. ती परीक्षा नव्हती. सात वर्षं एक म्हातारा त्याच्याकडून उसना कान घेत होता, आणि मागताना तोंड दिसू नये म्हणून खिडकीबाहेर पाहत होता. तो स्वतःचा कारखाना काढायला निघाला त्या दिवशी वस्तादांनी हाच स्क्रू ड्रायव्हर त्याच्या हातात दिला. "ने. मला आता याचा उपयोग नाही." त्याने तो प्रसाद म्हणून घेतला होता. वर्षाच्या आत वस्तादांनी कारखान्याला कुलूप लावलं. शिष्य गेला म्हणून खचले, असं लोक म्हणत, आणि त्याला, खरं सांगायचं तर, ते ऐकायला बरं वाटे. शिष्य गेला नव्हता. कान गेला होता. तो स्वतः तो कान घेऊन गेला होता.

एक गाठ सुटली की तिच्या मागची आपसूक सुटते. गेल्या वाढदिवसाच्या आधीच्या वाढदिवसाला बायकोने त्याला एक खोकं दिलं होतं: टायमिंग बघायचा दिवा. लखलख करून ठिणगीची वेळ डोळ्यांना दाखवणारा. तो केवढा दुखावला होता! "गवयाला पेटीचे सूर चिकटवून देतेस होय गं?" असं काहीतरी बोलला होता. ती म्हणाली होती, "अहो, असू द्या. उपयोगी पडतो म्हणे." खोकं सीलबंद फळीवर पडलं. आणि आता, या चढावर, एकेक आठवू लागलं: किटली शिट्टी घालत असताना ती आतल्या खोलीतून धावत येई आणि ओट्यापाशीच बसलेल्या त्याच्याकडे न पाहता गॅस बंद करी. फोन वाजायच्या आधीच, असं त्याला वाटे, उचली. आताशा त्याच्याशी बोलताना नेहमी समोर येऊन उभी राही. त्याला वाटलं होतं, उतारवयात प्रेम वाढतं. तेही असेल. तिने दोन वर्षांपूर्वीच निदान केलं होतं आणि इतक्या अलगद, की रोग्याला निदान कळलंच नाही, औषधाची बाटली तेवढी अपमान वाटली.

त्याला मोठ्याने हसू आलं. बाई दचकल्या.

"काय झालं?"

"काखेत कळसा," तो म्हणाला. "बाई, डिकीतला दिवा काढून द्याल? बल्ब नुसता. आणि हँडल आहे ना तुमच्याकडे, पुढून फिरवायचं?"

"आहे. वडील असताना मी फिरवायची. एकदा उलट फिरून असं काही मनगटावर बसलं, की महिनाभर लोकांच्या दाढा वाचल्या."

"म्हणून सगळे प्लग बाहेर काढू. ठिणगी इतकी आधी पडतेय, आज तर ते नक्की उलट फिरलं असतं."

मग जे काम सुरू झालं ते वस्तादांच्या रीतीत कुठेच नव्हतं, पण वस्तादांच्याही आधीच्या कुठल्या पुस्तकात नक्की असणार. बल्बला दोन वायरी. एक ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या खिळीला, एक गाडीच्या अंगाला. किल्ली चालू. आत ठिणगी सोडणारे पॉइंट उघडले की इथे दिवा लागणार: ठिणगी इथे पडते आहे, असं दिवा सांगणार. पुढच्या चाकीवर एक खूण असते, तिच्यासमोर एक लोखंडी टोक. दोघांची गाठ पडते त्या क्षणी दिवा लागायला हवा. त्याने खुणेवर खडू घासला. बाहीने घाम पुसला.  

"फिरवा. हळू. ढेकणाच्या चालीने."

बाईंनी दोन्ही हातांनी हँडल धरलं. चाकी सरकू लागली. खडूची पांढरी रेघ खालून वर आली, सूर्यासारखी, टोकाकडे निघाली. अजून बरीच लांब होती. आणि दिवा लागला.

"थांबा!"

दोघंही वाकून पाहत होते. रेघ आणि टोक यांच्यामध्ये त्याचं अंगठ्याशेजारचं बोट आडवं बसलं, आणि तरी फट उरली.

"एवढं?" बाई म्हणाल्या. "हे कोणी केलं?"

दिवा उन्हात फिकट, पण लागलेला. एवढंसं पिवळं बुब्बुळ त्याच्याकडे रोखून पाहत होतं. तीन खेपा, दर खेपेला थोडं पुढे. त्यांची ही बेरीज. त्याला वाटलं होतं तो चोर शोधतो आहे, आणि सगळ्या पाऊलखुणा त्याच्याच चपलांच्या होत्या. यावर छातीत काहीतरी कोसळायला हवं होतं. कदाचित रात्री कोसळेल. आत्ता मात्र, का कोण जाणे, त्याला पहिल्यांदा दिसू लागल्यासारखं वाटत होतं. जे तो पस्तीस वर्षं नुसतं ऐकत आला होता त्याला अंग होतं, जागा होती, बोटाने मोजता येणारी रुंदी होती. त्याने दहा नंबरचा पाना घेतला, पकड सैल केली, डिस्ट्रिब्युटर तळव्यात धरला आणि मागे वळवला. बाईंनी हँडल जरा उलटं घेऊन पुन्हा पुढे आणलं. रेघ आली, दिवा लवकर लागला. आणखी मागे. रेघ आली, दिवा जरा उशिरा. केसभर पुढे. रेघ आली, टोकाला टेकली, आणि त्याच क्षणी, अगदी त्याच क्षणी, बल्ब उजळला.

"अहाहा," बाई म्हणाल्या. त्यांच्या गालाला ग्रीस लागलं होतं. "दाढ बसते तशी बसली."

"चला," तो म्हणाला. प्लग बसवताना त्याला घाई झाली होती, लहानपणी बुटाचे बंद बांधताना होते तशी.

ते चढाच्या पायथ्यापर्यंत मागे आले. बाईंनी पेडल दाबलं. पाठ सीटला चिकटली. गाडी ओरडली नाही, धापावली नाही; तिने चढ असा घेतला, जणू कोणी तरी पुढून हात धरून तिला बोलावत होतं. झाडं मागे पडली, ते झुडूप मागे पडलं, पाखरं भुर्रकन उडाली. मघाशी थांबले होते ती जागा आली आणि गेली. पेडल तळाला होतं. आता. आता वाजायचं असेल तर इथेच. त्याने मान वळवली, खिडकीबाहेर धावणारी कडेची भिंत पाहिली आणि, अगदी सहज, विचारलं, "सांगा, वाजतंय?"

शब्द तोंडातून गेल्यावर त्याला कळलं, की आवाजही वस्तादांचाच होता.

"नाही," बाई म्हणाल्या.

"नक्की?"

"नक्की. काही नाही. रेशमासारखी चालली आहे, मिस्त्री!" आणि त्या हसल्या, वर्गात पहिल्या आलेल्या मुलीसारख्या, आणि त्यांनी उगाचच हॉर्न वाजवला. हॉर्न जाड होता. तो त्याला पुरेपूर ऐकू आला.

टाकीपाशी त्यांनी गाडी उभी केली. काटा मध्यावर होता. खाली सगळं शहर पसरलं होतं, गच्च्या, गिरण्यांची धुराडी, एकामागे एक छपरं, आणि वरपर्यंत फक्त त्याची जाड, खालची घरघर पोचत होती. निदान त्याला तरी तेवढीच. तो उतरला. बॉनेटच्या उष्णतेवर त्याने तळवा ठेवला. बाई पलीकडून फिरून त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, बरोबर समोर, तोंड त्याच्याकडे करून, ओठ दिसतील अशा. घरी बायको उभी राहते तशा. तेवढ्यावरून त्याला कळलं, की त्यांना कळलं आहे.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ होता, सुई टोचण्याआधी असावा तसा. "मघाशी दातातून काहीच आलं नव्हतं ना? कानात मळ असला तरी हाडातून येतं, मिस्त्री. हाडातूनही नाही म्हणजे दुखणं आतलं आहे." त्याने बॉनेटवरचा तळवा उचलला. "माझी गाडी वाचली. मी कोणाला सांगणारही नाही. ते काम माझं नव्हे. पण ही पहिली नसणार. माझ्याआधी अशा किती गेल्या?"

किती. त्याच्या मिटलेल्या डोळ्यांपुढून एकेक गाडी चढ चढू लागली. फुलवाल्याची हिरवी, जिला तो स्वतः 'राणी' म्हणे. निवृत्त न्यायाधीशांची काळी, लांब. तिच्याबद्दल त्यांनी मागच्याच महिन्यात तक्रार केली होती आणि त्याने पेट्रोलला दोष दिला होता. फोटोग्राफरची दोन दारांची. ती जुळ्या बहिणींची निळी. बाजारात बोभाटा झाला तर कानसेन हे नाव लोक कशासाठी घेतील हेही त्याला दिसलं, टपरीवरचं हसूसुद्धा दिसलं. आणि त्या प्रत्येक गाडीत या घटकेला, कुठल्या तरी चढावर, मिरपुडीएवढे चंदेरी कण सुटत होते, आणि शेजारी बसलेलं कोणीतरी त्या टिणटिणीला गाडीचं म्हातारपण समजत होतं.

उशीर करायला एक तासच काय, एक चढसुद्धा उरला नव्हता.

त्याने बाईंकडे पाहिलं. त्यांचे ओठ मिटलेले होते. त्या उत्तराची वाट पाहत होत्या. सीटवरचा स्क्रू ड्रायव्हर त्याने उचलला, लाकडी मुठीवर त्याच्या स्वतःच्या दातांचे ठसे उमटले होते, आणि तो अलगद डॅशबोर्डवर ठेवून दिला. मग वायरींसकट तो बल्ब घेतला, वायरी बोटांभोवती गुंडाळल्या, काच फुटू नये म्हणून मूठ सैल धरली, आणि तो उतार उतरू लागला. पाठीमागून बाईंनी हाक मारलीही असेल. त्याची पावलं आपोआप भराभर पडत होती. पहिलं वळण फुलवाल्याच्या गल्लीकडे जात होतं.